शॉकअप गळतोय? नवा बसवण्याआधी जुना का गेला ते बघा

मागच्या चाकाच्या आत हात घातला आणि बोटं काळी, तेलकट होऊन बाहेर आली, तर पहिला संशय ब्रेकचा घ्या. ब्रेकचं तेल पातळ असतं. ते ड्रमच्या खालच्या काठावर आणि टायरच्या आतल्या अंगावर उतरतं, आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेलेली दिसते. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. पातळी जिथल्या तिथे असेल आणि ओल उभ्या नळीच्या अंगावरून एका पट्ट्यात वरून खाली आलेली असेल, तर शॉकअब्सॉर्बर गळतोय. गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात. पुढे मीही तेच म्हणणार आहे.

सगळीच ओल म्हणजे गळती नसते. शॉकअपचा चकचकीत रॉड नळीतून वर-खाली होताना सीलला वंगण मिळावं म्हणून तेलाचा अगदी बारीक थर सोबत घेऊन येतो. त्यावर धूळ बसते आणि नळीचा वरचा भाग मळकट, दमट दिसू लागतो. एवढ्यावरून जोडी बदलायला सांगणारे भेटतात, पण त्यांचं ऐकायची घाई करू नका. नळी फडक्याने स्वच्छ पुसा. आठवडाभर गाडी नेहमीच्या रस्त्यांवर चालवा आणि पुन्हा बघा. वरच्या चार बोटांत नुसती मळकट छटा आली असेल तर शॉकअप ठीक आहे. ओघळ पुन्हा खालच्या बोल्टपर्यंत पोचला असेल आणि त्यावर मातीचा ओला थर चढला असेल, तर त्याचं काम संपलं. त्यात नवं तेल भरून किंवा बाहेरून काही लावून तो सुधारत नाही.

शॉकअप नेमकं काय करतो हे ठाऊक असेल तर पुढचं काम सोपं जातं. नावामुळे वाटतं की धक्का हाच खातो, पण धक्का खाते स्प्रिंग. झोपाळ्याला एक झोका दिला की तो बराच वेळ झुलत राहतो, आणि बसलेल्याने पाय जमिनीला टेकवला की थांबतो. शॉकअप म्हणजे तो टेकवलेला पाय. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक भोकांतून आणि झडपांतून वाट काढावी लागते, आणि स्प्रिंगची उसळी त्या घर्षणात उष्णता होऊन जिरते. तेल गळून गेलं की झडपांमधून निम्मं तेल आणि निम्मी हवा जाऊ लागते. मग चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावरही नाचत राहतं, आणि त्या क्षणी ते रस्त्याला धड धरून नसतं. ब्रेक मारला की गाडी लांब जाऊन थांबते, घाटाच्या वळणावर शेपूट हलल्यासारखी वाटते. काही जण याला आरामाचा प्रश्न समजून वर्षभर ढकलतात. हा प्रश्न ब्रेकचा आणि टायरच्या पकडीचा आहे.

तपासायच्या तीन रीती सांगतो. गाडीचा कोपरा अंगाच्या भाराने दोन-तीनदा दाबून सोडा. तो वर येऊन जागेवर बसला पाहिजे, दोन-तीन हेलकावे घेत राहिला तर शॉकअप गेला. मात्र अर्धवट गेलेला शॉकअप या परीक्षेत पास होतो, म्हणून तिच्यावरच विसंबू नका. दुसरी, टायरवरून तळवा गोल फिरवा. रबर लाटा आल्यासारखं उंच-सखल लागलं तर चाक नाचतंय. तिसरी मला सगळ्यांत खात्रीची वाटते. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि सायलेन्सरला हात न लावता चारही शॉकअपच्या नळ्यांना बोटं लावून बघा. चांगला शॉकअप काम करून कोमट झालेला असतो. बाकीचे कोमट आणि एक थंड, तर त्या थंड्याने काही काम केलेलंच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गळती हे लक्षण आहे, दुखणं नव्हे. सील आपोआप सहसा फाटत नाही, त्याला काहीतरी फाडतं. मी पहिल्यांदा घरी जोडी बदलली तेव्हा नव्यापैकी एक चार महिन्यांत गळू लागला. मी दुकानदाराला दोष देऊन मोकळा झालो होतो. तो काढून रॉड पुसला, तेव्हा चकचकीत भागावर चार आडवे ओरखडे दिसले, पकडीच्या दातांचे. वरचा नट आवळताना रॉड फिरत होता म्हणून मीच तो पकडीने धरला होता. त्या ओरखड्यांनी सीलची कड रोज हजारो वेळा किसली. तेव्हापासून नवा शॉकअप खोक्यातून काढण्याआधी जुना का गेला याचं उत्तर शोधायचं, असा मी नियमच केला आहे.

पण आधी हे काम तुमच्या गाडीवर घरी करता येतं का, ते ठरवा. खाली वाकून स्प्रिंग कुठे आहे ते बघा. ओमनी, बोलेरोसारख्या गाड्यांना मागे पाटे असतात, शॉकअप वेगळा असतो. स्विफ्ट, पोलोसारख्या गाड्यांत मागे आडवा बीम असतो, गोल स्प्रिंग आपल्या वाटीत वेगळी बसलेली असते आणि शॉकअप तिच्या शेजारी. या दोन्ही प्रकारांत मागचे शॉकअप घरी बदलता येतात. पण स्प्रिंग शॉकअपच्याच अंगाभोवती गुंडाळलेली असेल, तर थांबा. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत पुढे हीच रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना, १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि तिच्या सुटसुटीतपणामुळे जगभर पसरली. काही गाड्यांत, उदाहरणार्थ टाटा इंडिकात, मागेही स्प्रिंग शॉकअपवरच असते.

अशा जोडणीत शॉकअप सुटा करायचा तर आधी स्प्रिंग दाबून धरावी लागते. नऊशे किलोच्या छोट्या गाडीतही पुढच्या एकेका चाकावर अडीचशे किलोच्या वर भार असतो आणि ती स्प्रिंग तो भार पेलत असते. बाजारात मिळणारे दोन हुकांचे स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर सरकतात, त्यांचे आटे उडतात. सुटलेली स्प्रिंग जबडा फोडते, हात मोडते. मी इतकी वर्षं गाडीची कामं घरी करतो, पण हे करत नाही. फार तर अख्खी जोडणी गाडीवरून उतरवायची आणि पक्कं प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन तिच्यातला शॉकअप बदलून आणायचा. पुढची जोडणी काढली की व्हील अलाइनमेंटही करून घ्यावंच लागतं. म्हणून हा लेख मागच्या, सुट्या शॉकअपचा आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची बारा वर्षांची हॅचबॅक गेल्या मे महिन्यात मी अशीच उघडली. काकांचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता.

“अरे, डावा एकच तर गळतोय. उजवा कशाला काढतोस?”

“काका, दोघांनी सारखंच अंतर कापलंय. एका बाजूला नवा कडक आणि दुसऱ्या बाजूला दमलेला बसवला, तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला जाईल.”

शॉकअप जोडीनेच बदलायचा. एका ॲक्सलवरचे दोन्ही, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. चारही बदलायची सक्ती नाही.

खरेदीला जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आरसी बुकातला चॅसिस नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षात मापं बदललेली असतात. शॉकअप बनवणं आपल्या भागाला नवं नाही. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या धंद्यात आहे आणि तिचे चाकणला आणि नाशिकला कारखाने आहेत. त्यामुळे चांगला माल मिळायला अडचण नाही, नकली मालापासून मात्र जपा. खोक्याचं सील, पार्ट नंबर, छापील किंमत आणि बिल, चारही हवं. दुकानातच दोन्ही नग शेजारी उभे धरून लांबी, खालच्या डोळ्याचं भोक आणि वरचे आटे जुळवा. त्यासोबत आणखी तीन वस्तू घ्या, ज्या बहुतेक जण वाचवतात: नवे बंप स्टॉपर, नवी डस्ट कव्हर आणि नवे लॉक नट. शॉकअपच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते, आणि नव्या जोडीचं आयुष्य याच तीन गोष्टींवर अवलंबून असतं.

काम शनिवारी करायचं असेल तर सुरुवात गुरुवारी करा. वरचे-खालचे नट तारेच्या ब्रशने घासा आणि त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. शुक्रवारी परत मारा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत दहा वर्षं काढलेल्या गाडीचा खालचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला इतका धरतो की, नट सुटला तरी बोल्ट हलत नाही. अशा वेळी बोल्टच्या आट्यांवर थेट हातोडी मारली तर आटे चेपतात. नट शेवटच्या आट्यापर्यंत परत लावा, त्याचं तोंड बोल्टच्या टोकाशी सपाट आणा आणि मधे पितळेचा तुकडा धरून मग ठोका. तरीही नाही आला तर टॉमीने बोल्टचं डोकं थोडं पुढे, थोडं मागे फिरवत राहा, मधे मधे स्प्रे सोडा. गॅसची ज्योत मात्र मुळीच नको. गॅरेजवाले सर्रास लावतात, पण तिथे हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा रबरी पाइप असतो.

हत्यारांत रिंग पाने, गोटी पाने, लांब टॉमी, एल-की, टॉर्क रेंच, दोन टनी ट्रॉली जॅक, दुसरा एखादा जॅक आणि दोन जॅक स्टँड लागतात. गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, या कामात तो फार तर दुसरा जॅक म्हणून चालेल. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण गंजाचे कण नेमके वर बघताना पडतात.

जागा सपाट आणि पक्की हवी. पेव्हर ब्लॉक हलतात, आणि मे महिन्याच्या दुपारी डांबर इतकं मऊ पडतं की स्टँडचे पाय त्यात रुततात. काँक्रीट नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड प्लायवूड टाका. मग चाकं रोखा. इथे एक चूक फार जण करतात: हँडब्रेक ओढला की गाडी धरून ठेवली असं समजतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, आणि तुम्ही उचलणार मागचीच चाकं. ती हवेत गेली की हँडब्रेकला धरायला काही उरत नाही. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर निदान पहिला गिअर तिला धरतो. ओमनी-बोलेरोत तोही मागच्याच चाकांवर जातो, म्हणजे अशा गाडीला पुढच्या चाकांखालचे ठोकळे सोडून कशाचाच आधार नसतो. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागे, चारही ठिकाणी, लाकडी ठोकळे किंवा कडांचे दगड ठासून बसवा.

गाडी जमिनीवर असतानाच व्हील नट अर्धा फेरा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून उचला, स्टँड लावा, आणि गाडी स्टँडवर टेकवल्यावर तिला हाताने जोरात हलवून बघा. हलणार असेल तर ती आत्ताच हललेली बरी, तुमचा हात आत असताना नव्हे. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तरी मधे ते चाक असतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, एक नट हातातून निसटून घरंगळत गेला तरीही. आणि घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या.

आता बीम असलेल्या गाडीचा धोका समजून घ्या. अशा गाडीत चाक खाली किती लोंबकळायचं, हे बहुतेक वेळा शॉकअपच ठरवतो. तो सुटला की बीम खाली येतो, स्प्रिंग वाटीतून निसटू शकते आणि सगळा भार ब्रेकच्या रबरी पाइपवर येतो. म्हणून शॉकअपचा बोल्ट सोडण्याआधी दुसरा जॅक लाकडी ठोकळ्यासह बीमच्या त्या टोकाला, स्प्रिंगच्या वाटीजवळ लावून हलकासा टेकवा. बीमच्या मध्यावर लावू नका. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्याने वेळ वाचत नाही, शिवाय डावीकडे वायसर कसे बसलेत ही शंका आली तर उजवी बाजू जशीच्या तशी बघायला मिळते.

वरचा नट कुठे आहे ते गाडीगणिक बदलतं. कुठे तो डिकीतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे, कुठे मागच्या सीटच्या बाजूला, तर कुठे वरचं टोक चाकाच्या कमानीतच दोन बोल्टांवर बसलेलं. पाट्यांच्या गाड्यांत बहुधा दोन्ही टोकांना बुशचा डोळा असतो आणि काम आणखी सोपं होतं. उभा रॉड आणि वर नट अशी रचना असेल, तर नट फिरवताना रॉडही सोबत फिरतो. म्हणून रॉडच्या टोकाला एल-कीचं भोक किंवा दोन सपाट कडा दिलेल्या असतात. नटावर वाकडा रिंग पाना चढवायचा आणि त्याच्या मधून एल-कीने किंवा छोट्या पान्याने रॉडचं टोक धरायचं. जुना फेकायचाच आहे, त्याला पकड लावली तरी चालेल. नव्याला मात्र नाही, हे मी चार महिन्यांत गळलेल्या शॉकअपवर शिकलो आहे. नट सुटण्याआधी रबर आणि वायसर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा.

काकांच्या गाडीचा डावा शॉकअप बाहेर आला, तेव्हा तो आम्ही जुन्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. डस्ट कव्हर उभं फाटून एका बाजूला लोंबत होतं. बंप स्टॉपर म्हणजे रॉडवर बसणारा जाड फोमचा ठोकळा. गाडी पूर्ण दबली की शॉकअप तळाला आदळू नये म्हणून तो असतो. मी तो दोन बोटांत धरला आणि त्याचा भुगा झाला, अर्धा तर आधीच गायब होता. रॉड फडक्याने पुसून उन्हात धरला. वरचा भाग आरशासारखा होता, पण मधल्या वीतभर पट्ट्यात बारीक उभ्या रेघा होत्या, नखाला लागतील इतक्या. दर गणपतीत ही गाडी पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात जायची. भाराने मागची बाजू दबलेली, स्टॉपर झिजलेला, त्यात फाटक्या कव्हरमधून आत गेलेली तांबडी माती. तो रॉड माती घासत रोज सीलमधून ये-जा करत होता. उजवा काढला तर त्याचाही स्टॉपर तसाच आणि कव्हरला बोटभर चीर. काकांनी मग विचारलं नाही. स्टॉपर आणि कव्हर न बदलता नवे शॉकअप बसवले असते, तर पुढच्या गणपतीपर्यंत तीच गत झाली असती.

तुमचा जुना शॉकअपही असाच नीट बघा. रॉडवर एकाच बाजूला घासल्याची खूण असेल तर वरची बैठक किंवा खालचा कंस वाकलेला आहे, आणि वाकड्या जागी नवा बसवला तर तोही तिरका चालेल. खालच्या डोळ्यातल्या बुशचं रबर फाटलं असेल तर आवळणी चुकलेली असण्याचा संभव मोठा. दोन्ही ठीक असून गाडी आठ-दहा वर्षं चालली असेल, तर सीलने आपलं आयुष्य जगून घेतलं, एवढंच.

नवा शॉकअप दुकानात बहुधा आडवा पडलेला असतो. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. आडवा ठेवला की बाहेरच्या नळीतली हवा किंवा वायू आतल्या नळीत शिरतो. म्हणून बसवण्याआधी तो गाडीत जसा राहणार तसाच, रॉड वर करून, उभा धरा. रॉड सावकाश पूर्ण खाली दाबा, सावकाश पूर्ण वर ओढा. चार-पाच वेळा करा. पहिल्या दोन खेपांना मधेच पोकळ, ढिला लागणारा टप्पा जाणवतो. तो गेला आणि पूर्ण अंतरात एकसारखा जड लागू लागला, की शॉकअप तयार झाला. यानंतर तो आडवा ठेवू नका. वायूचा दाब भरलेला असेल तर त्याला पट्टी बांधलेली असते. वरचं टोक जागी बसेपर्यंत ती कापू नका, नाहीतर रॉड आपोआप लांब होतो आणि कमानीत मावेनासा होतो.

रॉडवर आधी बंप स्टॉपर, मग डस्ट कव्हर, मग फोटोत होते तसे वायसर आणि रबर. वाटीसारख्या वायसरची खोलगट बाजू रबराकडे. वरचा नट टोकाची कड धरून आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. रबर फुगून वायसरच्या बाहेर येईपर्यंत आवळलं तर धक्का थेट बॉडीत जातो. ढिलं ठेवलं तर प्रत्येक खड्ड्यावर डिकीतून खट्‌ आवाज येतो.

खालचा बोल्ट हाताने सरकवा, नट बोटांनी लावा आणि तिथेच थांबा. या टप्प्याला शेकडा नव्वद जणांची, गॅरेजवाल्यांचीही, घाई होते. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी कंसाला जखडते, आणि पुढे चाक वर-खाली होतं तेव्हा रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो. मग नुसती उभी असलेली गाडीही ते फाडत राहते. म्हणून जॅकने बीम सावकाश वर घ्या. गाडीचं अंग स्टँडवरून आता उचललं जाणार, असं दिसलं की थांबा. गाडी उभी असताना चाक ज्या उंचीवर असतं, ती आली. आता खालचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. मॅन्युअलमधला आकडाच पाळा, अंदाजाने लांब टॉमीवर लटकू नका.

दुसरी बाजूही अशीच. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन्ही मिळून अर्धा दिवस सहज जातो. जेवणाची वेळ झाली तर स्टँडवरची गाडी सोडून जाऊ नका, निदान चाकं चढवून ती खाली तरी उतरवा. सोसायटीत लहान मुलं कुठूनही येतात. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने, आधी हवेत हाताने आणि मग जमिनीवर टॉर्कने. लहान गाड्यांत हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

मागचे सुटे शॉकअप बदलल्याने बीमच्या किंवा पाट्यांच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडत नाही, त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. लाटा पडलेले टायर मात्र नव्या शॉकअपनेही गुळगुळीत होत नाहीत, काही दिवस घरघर येत राहील. पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, ओळखीच्या रस्त्यावर, हळू मारा. गतिरोधकावर कान देऊन ऐका. आवाज आला तर आधी वरचा नट बघा, तोच बहुधा ढिला असतो. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा आणि दोन्ही नळ्या पुसून ठेवा. आठवड्याने नळीच्या वरच्या टोकाला बारीक मळकट छटा दिसली तर घाबरू नका, ओघळ दिसला तर बिल घेऊन दुकान गाठा.

जुन्या जोडीत अजून थोडं तेल आणि कधी कधी दाबाखालचा वायूही असतो. ती कापू नका, भोक पाडू नका, जाळात टाकू नका, आणि गळलेलं तेल गटारात सोडू नका. काकांच्या जोडीखाली सांडलेलं तेल आम्ही लाकडाच्या भुशात टिपलं आणि वर्तमानपत्रात बांधून वेगळं ठेवलं. शॉकअप भंगारवाल्याला देताना त्यात दाब असू शकतो हे स्पष्ट सांगितलं. त्याने ते बाकीच्या लोखंडापासून वेगळे, हातगाडीच्या पुढच्या टोकाला ठेवले.